मागून नेलेले हातमोजे

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, गोलकीपरच्या डाव्या हाताचा. उजवा माझा जोडीदार. तो मुळातच अबोल, म्हणून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मला ते नीट जमेल की नाही, कोण जाणे. पण जे पाहिले ते सांगतो.

एका कारखान्यात आमचा जन्म झाला. तळहाताला मऊ, चिकट रबर लावले, पाठीला जाड कापड शिवले. शिवणाऱ्या बाईने माझे एकेक बोट ओढून पाहिले आणि मग मला उजव्याशी बांधले. पुढे खेळाच्या सामानाच्या एका दुकानात आम्ही खुंटीवर लटकत राहिलो. लोक यायचे, आमच्यात हात घालायचे, टाळी वाजवून बघायचे आणि निघून जायचे.

एका रविवारी संध्याकाळी आमचे मालक आले. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणे हे त्यांचे काम. चाळिशी उलटल्यावर नोकरीसाठी या शहरात आले होते. जुन्या गावी दर रविवारी ते मित्रांबरोबर फुटबॉल खेळत. इथे कोणी ओळखीचे नव्हते. दिवसभर काच घासायच्या चाकापुढे मान खाली आणि घरी आल्यावर खिडकीत उभे. शेवटी त्यांच्या बायकोनेच सांगितले, "मैदानावर जा बघू. कोणीतरी घेईल खेळायला. दर रविवारी माझ्या डोक्यावर मिरे वाटू नका."

मैदानावर हौशी लोकांची स्पर्धा चाले. पहिल्या संघाने मालकांचे वय विचारले आणि म्हटले, "काका, तुम्ही वयस्करांच्या संघात विचारा." वयस्करांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिले. "अहो, केस काळे आहेत अजून. तरण्यांकडे जा." मालक पिशवी उचलून निघाले, तेव्हा तिसऱ्या संघाच्या कप्तानाने हाक मारली. हा बेकरी चालवायचा. "गोलकीपर आहात का? असाल तर पुढच्या रविवारपासून या."

मालक आयुष्यभर पुढच्या फळीत खेळले होते. पण त्यांच्या तोंडून "हो" निघून गेले, आणि त्या एका 'हो'साठी संध्याकाळी त्यांनी आम्हाला विकत घेतले.

घरी बायकोने आम्हाला उलटसुलट करून पाहिले. "आणि बोट मोडलं तर काचा कोण घासणार?"

"नाही मोडत."

"बोटाला कळवलंय का तसं?"

पण तिनेच सराव करून घेतला. रोज स्वयंपाकघराच्या दारातून ती बटाटे फेकायची आणि मालक ते झेलायचे. सुटलेला बटाटा कपाटाखाली जाई. "आजची भाजी कपाटाखाली आहे," ती म्हणायची आणि दोघे हसायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले हसू मी तेवढेच ऐकले.

पहिल्या सामन्यात आमच्यावर पाच गोल झाले. दुसऱ्यात तीन. मालक खेळ झाला की आम्हाला कोमट पाण्यात हाताने धूत, सावलीत वाळवत आणि बोटांत कागद भरून ठेवत. मला वाटते, त्या काळात इतकी काळजी त्यांनी स्वतःचीही घेतली नसेल. हळूहळू हात बसला. संघातले त्यांना काका म्हणू लागले. एकदा करंगळी दुखावली, तरी दुसऱ्या दिवशी तिला पट्टी बांधून ते काचा घासायला गेले. घरी ते "आमचा संघ" म्हणू लागले होते. "आमचा" म्हणताना आवाज जरा चढायचा.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. एकदा आम्ही बाकावर पडलो होतो आणि मालक पाणी आणायला गेले होते. तेव्हा कप्तान कोणाला तरी म्हणाला, "वायरमनच्या हाताचं प्लास्टर निघेपर्यंत काकांवर भागवू." वायरमन म्हणजे त्यांचा नेहमीचा गोलकीपर. शिडीवरून पडून त्याचे मनगट मोडले होते. मला तोंड असते, तर मी मालकांना सांगितले असते. मग वाटते, तोंड नव्हते तेच बरे झाले.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी वायरमन आला. मालक बूट बांधून तयार होते. कप्तान त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "काका, आज तुम्ही आराम करा. आणि ते मोजे जरा द्या याला. याचे उंदरांनी कुरतडलेत."

मालकांनी आम्हाला उतरवले. एकेक बोट सावकाश, जसे रोज उतरवत तसे. "डाव्याचा पट्टा जरा घट्ट ओढावा लागतो," एवढेच ते म्हणाले.

वायरमनचा हात मोठा होता. अंगठ्यापाशी माझी शिवण उसवली. शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली, चेंडू माझ्या तळहातावर आदळला आणि बाहेर गेला. सामना जिंकला. सगळे धावत आले, कोणी माझे चुंबनही घेतले. असे कौतुक माझे कधीच झाले नव्हते, आणि मला ते नकोसे झाले होते.

मग फोटो. कप्तानाने आपला फोन मालकांच्या हातात दिला. मालक मागे सरकले, डोळा बारीक केला. "सगळे आलात ना?" त्यांनी विचारले.

"आलो, आलो. काढा लवकर, काका."

त्या फोटोत मी अगदी मध्यभागी आहे.

आम्ही परत गेलो नाही. वायरमनने आम्हाला आपल्या पिशवीत टाकले, वायरी आणि पकडीच्या खाली. मालकांनी मागितले नाही. कदाचित त्यांना वाटले असेल, मोजे मागितले की संघाचा आणि आपला संबंध संपला. वायरमन आम्हाला भर उन्हात मोटारसायकलवर वाळत टाकी. रबर तडकले, सोलून निघू लागले.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मालक मैदानावर आले. कप्तान म्हणाला, "काका, यंदा संघ भरला हो. पण तुमचे मोजे झकास निघाले. कुठून घेतले होते?"

मालकांनी त्याला आणि शेजारी उभ्या वायरमनला दुकानाचा पत्ता सांगितला. कोणत्या कोपऱ्यावर वळायचे, तेही सांगितले.

ते परत निघाले, तोच शेजारच्या संघातला एक जण धावत आला. "काका, तुम्ही गोलकीपर ना? आमचा आलाच नाही. उतरता का? मोजे आहेत?"

मालकांनी वळून पाहिले. मी समोरच होतो, वायरमनच्या हातात. माझी उसवलेली शिवण त्यांना दिसली असावी. मागायला फक्त तोंड उघडायचे होते.

"नाहीत," ते म्हणाले.

"बरं, मग राहू दे," म्हणत तो माणूस दुसरीकडे पळाला. मालक फाटकातून बाहेर पडले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

मित्रांनो, हातमोजे सावलीत वाळवा आणि बोटांत कागद भरून ठेवा, म्हणजे ते टिकतात. मागून आणलेली वस्तू परत द्यायला स्वतः जा. देणारा कदाचित मागणार नाही. माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. उद्या वायरमन मला टाकून देईल आणि नवी जोडी आणायला त्या दुकानात जाईल. रस्ता त्याला मालकांनीच सांगून ठेवला आहे.