मार खाणाऱ्याची गादी

मोहनराव वस्तादांनी तालमीची गादी आसारामला दिली, तेव्हा आसारामलाच पहिल्यांदा वाटलं की म्हाताऱ्याला भ्रम झाला. चौसाळ्याजवळच्या त्या गावात कुणालाही विचारा, काठीत वरचढ कोण? बिभीषण. आखाड्यात दोघं समोरासमोर आले की आसाराम पुढं होऊन वार करायचा, बिभीषण तो चुकवून आपली काठी त्याच्या खांद्यावर टेकवायचा आणि डाव संपायचा. मिसरूड फुटल्यापासून हेच चाललेलं. बाजू वस्ताद ठरवून द्यायचे आणि आसारामच्या वाट्याला दरवेळी हरायची बाजू यायची. आता त्याला त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं.

"वस्ताद, नाव चुकलं तुमचं," तो चाचरत म्हणाला. "बिभीषण म्हणायचं व्हतं तुमाला."

"चुकलं न्हाई. तूच."

"आवो, पण मी तर रोज हरतो."

"म्हणून तर," वस्ताद म्हणाले.

बिभीषणानं काठी कोपऱ्यात ठेवली, अंगाची माती झटकली आणि तडक निघून गेला.

आता ही तालीम आली कुठून, ते सांगायला हवं. गाव म्हणायचं, कुण्या सरदाराच्या काळापासूनची आहे. कुठला सरदार, ते कुणाला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे तालीम आली होती सिंगापूरहून. मोहनराव तरणेबांड असताना निजामाच्या पलटणीत होते. महायुद्धात ती पलटण सिंगापूरला जपान्यांच्या हाती लागली आणि मोहनराव कैदेत पडले. तिथं गेंझो नावाचा एक उतारवयाचा पहारेकरी होता. त्याच्या घरात काठीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांचा मूळपुरुष म्हणे डोंगरातल्या देवळात उपाशीतापाशी बसला, देव स्वप्नात आला आणि डाव शिकवून गेला. तेव्हापासून एक गुरू दुसऱ्याला देत आलेला. गेंझोला परमुलखात सरावाला जोडीदार मिळेना, म्हणून त्यानं कैद्यांतून मोहनरावांना निवडलं, हातात काठी दिली आणि खूण केली, मार.

कैद्यानं पहारेकऱ्याला मारायचं. बाकीच्या कैद्यांनी मोहनरावांची आशाच सोडली. पण गेंझोनं वार खाल्ला, कमरेत वाकून मान तुकवली आणि पुन्हा उभा राहिला. युद्ध संपेपर्यंत तो असाच रोज मार खात राहिला. काठीला हात लावण्याआधी तो आपल्या सगळ्या गुरूंची नावं घ्यायचा. मोहनरावांच्या ध्यानात त्यातली थोडीच राहिली. बाकीची येताना समुद्रात पडली, असं ते म्हणायचे. म्हणून आमच्या या मराठवाड्यातल्या आखाड्यात आधी मारुतीचं नाव, मग सेनबेई, मातासुके आणि गेंझो, अशी हात जोडून आळवणी चालायची. कुणी काही विचारलं नाही. स्वप्नात आलेला देव मारुतीच, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. डोंगर आणि ताकद म्हटल्यावर दुसरा कोण येणार?

"आपल्याकडं गुरू मारतो," वस्तादांनी आसारामला समजावलं. "त्याच्याकडं गुरू मार खायचा. पुढं व्हऊन वार करायचा, चेल्याला त्यातून वाट दावायची, आन शेवटी त्याच्याच हातानं हरायचं. हरतो तो गुरू."

"कावून पण?"

"ते त्यानं सांगितलं असंल. मला त्याची भाषा कुटं येत व्हती?"

आसारामचं डोकं चक्रावून गेलं. म्हणजे इतकी वर्षं आपण हरत नव्हतो, शिकवत होतो? आणि बिभीषण जिंकत नव्हता, शिकत होता? मग हे दोघांनाही कुणी सांगितलं का नाही? त्याला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. घरी त्यानं बायकोला, सुभद्राबाईला, सगळं सांगितलं. ती दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली.

"म्हंजी हरला तो मोठा?" ती म्हणाली. "मग औंदा आपला सगळा जिल्हाच लई मोठा हाय."

त्याच सुमारास सुंदरराव चेअरमननी सहकारी साखर कारखान्याचं भूमिपूजन काढलं. गावाला प्यायचं पाणी टँकरनं येत होतं आणि हे साखरेचा कारखाना काढणार. पण सुंदररावांचं म्हणणं, पाऊस कधीतरी येईलच, हातचं लायसन गेलं तर परत यायचं नाही. समारंभात त्यांना काठीचे खेळ हवे होते आणि लाऊडस्पीकरवर 'आपली शिवकालीन विद्या' असं सांगायचं होतं.

"जपानी हाय ती," वस्ताद म्हणाले.

"असंल. पण वस्ताद, जपानचं नाव घेतलं तर लोक म्हणतील, मग आपलं काय हाय?"

वस्ताद एवढंच म्हणाले, की नवा वस्ताद आणि त्याचा चेला खेळतील, तेव्हाच गादी खरी झाली असं समजा. आसारामनं ते मनात घट्ट धरलं. साऱ्या पंचक्रोशीसमोर हरायचं, आणि या वेळी जाणून हरायचं. त्याला ती गादी हवी होती. आयुष्यात त्यानं स्वतःसाठी असं काही कधी मागितलंच नव्हतं.

भूमिपूजनाच्या दिवशी खडीच्या कामावरची माणसं मांडवात दाटीवाटीनं बसली. सुभद्राबाई पुढंच होती. गुरूंची नावं घेऊन झाली. आसाराम वार करायला पुढं सरकला, तर समोरून बिभीषणही तसाच काठी उगारून पुढं आलेला. दोन काठ्या मध्येच एकमेकींवर आदळल्या.

"तुझी बाजू ती न्हाई बे," आसाराम दबक्या आवाजात म्हणाला.

"आज मी हरणार," बिभीषण म्हणाला.

"येड्यावानी करू नको."

"हरतो तो गुरू, मलाबी कळलंय. इतकी वर्षं मला न सांगता चेला करून ठिवला. आज मी हरणार."

पुन्हा दोघांनी एकदमच वार केला. माणसं आधी खूश झाली, मग गोंधळली. लाऊडस्पीकरवाल्यानं वेळ मारून नेत 'अटीतटीचा सामना' असं जाहीर केलं. दोन बाप्ये मार खाण्यासाठी भांडताहेत, हे त्याला तरी कसं कळावं? आसारामनं आजवर बिभीषणाची काठीच बघितली होती, तोंड कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं, तर त्याचे डोळे भरलेले.

तिसऱ्यांदा बिभीषण जीव खाऊन आला. आसारामनंही वार केला असता तर कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. तो बाजूला झाला. जिंकणाऱ्याची बाजू तो कधी खेळला नव्हता, पण समोरून ती रोज बघितली होती. त्याची काठी बिभीषणाच्या खांद्यावर पडली. किती जोर लावायचा, हे त्याला माहीतच नव्हतं. बिभीषण मटकन खाली बसला.

मांडव दणाणून गेला. सुंदररावांनी आसारामला फेटा बांधला, हार घातला. तसाच तो वस्तादांकडं धावला आणि त्यांच्या पायांशी बसला.

"वस्ताद, मी जिंकलो. गादी गेली माझी."

म्हाताऱ्यानं त्याचा कललेला फेटा सारखा केला.

"गेली का?" तो म्हणाला. "त्याला हरायचं व्हतं, तू हरू दिलंस. मग हरलं कोण, तो का तू?"

"तुमी सांगा."

"गेंझो असता तर इचारलं असतं." वस्तादांनी मान हलवली. "मला न्हाई कळत, बाबा."

सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत आली. "पैल्यांदा जिंकले तुमी," ती म्हणाली. तिला खरं काय झालं ते सांगायला आसारामची जीभ रेटेना.

मग गर्दीतून आपला दुखरा खांदा धरून बिभीषण आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट तो जरा संकोचलेलाच होता, नवा सदरा घातल्यावर माणूस होतो तसा.

"उद्या सकाळी तालमीत ये," तो म्हणाला.

"कशाला?"

"मला मारायला. आन हात लई जड हाय तुजा. हळू कसं मारायचं ते शिकवतो."

आसारामनं त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं हात जोडले.

"येतो, वस्ताद," तो म्हणाला, आणि गळ्यात हार असलेला तो माणूस सगळ्या मांडवासमोर हुंदके देऊन रडायला लागला. लोक एकमेकांना म्हणाले, जिंकल्याचा आनंद झालाय बिचाऱ्याला.