सरकवलेले दाणे

मुलांनो, एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. ओट्याशी दोघं उभी राहिली की तिसऱ्याला अंग चोरून जावं लागेल, एवढंच. खिडकीत पुदिन्याची कुंडी, शेगडीवर रटरटणारं सूपचं पातेलं आणि खाली फरशीवर मटारच्या शेंगांचा ढीग. आता त्यात चार माणसं घाला. खरं तर साडेचार, कारण त्यांतल्या एकीच्या पोटात बाळ आहे आणि तिला आठवा महिना लागला आहे. दिसलं सगळं? मग हेही दिसलं असेल, की जिने बसायला हवं तीच नेमकी उभी आहे.

ती आई. शाळेत व्यायाम शिकवायची. मुलं तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. आत्ताही ओट्याला धरून ती टाचा वर-खाली करत होती आणि करता करता हुकूम सोडत होती.

"अहो, बटाटे फार बारीक चिरताय. शिजून पीठ होईल त्यांचं."

"बारीक नाही, नाजूक म्हण," बाबा म्हणाले. ते रंगारी होते. लोकांच्या घरांच्या भिंती रंगवायचे आणि स्वयंपाकही तसाच करायचे, मन लावून आणि फार सावकाश.

"याच्या नाजूकपणात दोन वाजले," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मदतीला म्हणून चार दिवसांसाठी आली होती आणि तिसरा आठवडा चालू होता. "आणि तू गं, बस की जरा. हिला खुर्चीला बांधलं ना, तर खुर्चीसकट चालेल ही."

"नर्सबाईंनी चालायला सांगितलंय, ताई."

"चालायला सांगितलंय. कवायत करायला नाही."

फरशीवर बसून मटार सोलणारी चौथी म्हणजे मुंगी. नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. आज मात्र ती मुकाट्याने सोलत होती आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होती.

त्याचं कारण सांगतो. त्या दिवशी रविवार होता आणि चार वाजता मैदानावर रिलेच्या संघाची निवड होती. चौघी मुली घ्यायच्या होत्या. चाचणी आईच घेणार होती. आई आली नाही तर चाचणी होणार नव्हती, संध्याकाळी गेल्या वर्षीचीच नावं पुढे जाणार होती, आणि गेल्या वर्षीच्या नावांत मुंगी नव्हती.

आणि मैदानावर जायच्या आधी एक काम उरकायचं होतं. ते उरकल्याशिवाय आईला घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती.

त्याचं असं होतं, की नर्सबाईंनी आईला चालू दिलं होतं, जिने चढू दिले होते, मुलांना शिकवूही दिलं होतं. "पण एक गोष्ट," त्या म्हणाल्या होत्या, "जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाची हालचाल मोजायची. दहा वेळा हललं की ऊठ. दोन तासांत दहा वेळा हललं नाही, तर उद्या बघू म्हणायचं नाही. लगेच मला फोन."

"हे दुसरं आहे हो माझं," आई म्हणाली होती. "हललं नाही तर मला कळणार नाही का?"

"तू दिवसभर पायांवर असतेस. तू चाललीस की त्याला झोका मिळतो, ते झोपतं. आणि तू कामात, तुझं लक्ष नाही. म्हणून मोजायचं."

आईला निवांत पडणं म्हणजे शिक्षा. पडल्या पडल्या तिला शंभर कामं आठवायची आणि मोजणी चुकायची. म्हणून मग मुंगीला सोबतीला बसवलं. एका वाटीत मटारचे दहा दाणे, शेजारी रिकामी वाटी. आई "हं" म्हणाली की एक दाणा इकडून तिकडे. दहाही गेले की आई टुणकन उठायची आणि दाणे आत्याच्या पातेल्यात पडायचे. बहुतेक दिवस अर्ध्या तासात काम फत्ते.

त्या रविवारी जेवायलाच सव्वादोन झाले. आत्याचं म्हणणं सूपला मीठ कमी, बाबांचं म्हणणं बरोबर, आणि दोघंही चमचा घेऊन आईपुढे उभे. आई आडवी झाली तेव्हा पावणेतीन वाजले होते.

पहिला "हं" लवकर आला. दुसराही. मग बराच वेळ काही नाही. मुंगीने वाटीतले दाणे बोटाने गोल फिरवले.

"हं."

तीन. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं.

"आई, ते झोपलंय का?"

"असेल. तुझ्या आत्याचं सूप पचवतंय." आईने जांभई दिली. "हं. हे आलं बघ."

चार. त्यानंतर आईचा आवाज आलाच नाही. मुंगीने वाकून बघितलं. आईचे डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं होतं. सकाळपासून ती तीनदा जिना चढली-उतरली होती.

सव्वातीन. तीन पंचवीस. मैदान दहा मिनिटांवर, पण आईच्या हल्लीच्या चालीने वीस. मुंगीने आईच्या पोटाकडे टक लावून बघितलं. झग्याची निळी फुलं श्वासाबरोबर वर-खाली होत होती, बाकी काही नाही.

बाळ रोजच तर हलतं, तिने मनाशी म्हटलं. आत्ता झोपलंय, मग हलेल. तिने एक दाणा उचलला आणि पलीकडच्या वाटीत ठेवला. आवाज झाला नाही. मग दुसरा. सहावा ठेवताना तिची बोटं ओली झाली होती.

"आई, ऊठ. साडेतीन वाजलेत."

आई दचकून उठली. "झाले?"

"झाले."

आईने वाटीत पाहिलं. "झोपेतसुद्धा हं हं करत होते की काय मी." ती हसली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि पायांनीच चपला शोधू लागली. आत्याने दाणे पातेल्यात टाकले.

रस्त्याने मुंगी आईच्या पुढे पळाली नाही. ती शेजारून चालत होती, कारण शेजारून पोट दिसत होतं.

"आई, आत्ता हललं का?"

"चालताना कुठे कळतंय. का गं?"

"सहज."

थोड्या अंतराने तिने पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "मुंगे, तुझं लक्ष पळण्यात ठेव. त्याचं मी बघते."

मैदानावर तेरा मुली आल्या होत्या. आईने चुन्याची रेघ पायाने तपासली, मुलींना हातपाय मोकळे करायला लावले आणि स्वतः पलीकडच्या टोकाला, जिथे शर्यत संपणार होती, तिथे जाऊन उभी राहिली. हातात वेळ मोजायचं घड्याळ. मुंगी दुसऱ्या तुकडीत होती. पहिली तुकडी धावली, आईने आकडे लिहून घेतले, आणि लिहिता लिहिता तिचा एक हात पोटाकडे गेला. कडेला दाबून बघावं तसा. मग दुसऱ्या कडेला. ती थोडी थांबली, कपाळाला आठी पडली, आणि पुन्हा तिने वहीत डोकं घातलं.

"दुसरी तुकडी," तिने लांबून हाक मारली.

मुंगी रेघेवर उभी राहिली. शेजारची उंच मुलगी, जिला सगळ्या शिडी म्हणत, पुटपुटली, "तुझं काय, तुझी तर घरचीच पंच आहे."

एरवी मुंगीने तिला उलटून दोन शब्द ऐकवले असते. आज तिला ते ऐकूच गेलं नाही. आईचा हात पुन्हा पोटावर होता.

शिट्टी वाजली. बाकीच्या मुली मैदानाला वळसा घालायला डावीकडे सुटल्या. मुंगी मात्र मैदान मधून कापत सरळ निघाली. इतक्या जोरात ती याआधी कधी पळाली नव्हती, आणि त्या पळण्याची वेळ कुणी मोजली नाही.

"अगं, वाट कुठे, तू कुठे?" आई ओरडली. "बाद होशील."

मुंगी तिच्यापुढे येऊन थांबली. दम लागला होता. "चारच झाले होते."

"काय चार?"

"तू झोपली होतीस. बाकीचे सहा मी सरकवले."

तेवढ्यात शर्यतीतल्या मुली येऊन पोचल्या, वेळ विचारू लागल्या. आईने घड्याळ शिडीच्या हातात दिलं. मग ती उंच उडीच्या गादीपाशी गेली, हात टेकत टेकत खाली बसली आणि डाव्या कुशीवर आडवी झाली. बाकीच्या मुली भोवती गोळा झाल्या. मुंगी गादीच्या कडेला उकिडवी बसली आणि आईच्या ओठांकडे बघत राहिली, कधी "हं" येतं म्हणून.

पंधरा मिनिटं गेली. "हं" आलं नाही.

"माझा फोन काढ पिशवीतून," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पण बोटांनी तिने मुंगीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर बराच वेळ तिथे लाल वळ होता.

नर्सबाईंनी एकच वाक्य सांगितलं, आत्ताच्या आत्ता या. बाबा गाडी घेऊन आले. मागच्या भागात रंगाचे डबे, शिड्या, आणि त्यांच्या मधोमध आत्या. कुणीतरी मागे बसायलाच हवं होतं आणि घरी थांबायला ती तयार नव्हती. वाटेत बाबांनी विचारलं, "दुपारी तर दहा झाले होते ना?"

आई म्हणाली, "नव्हते झाले." बस, एवढंच. कुणामुळे, ते तिने सांगितलं नाही. मुंगीला वाटलं, तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्याच्या त्या खोलीत एक खाट होती, एक पडदा होता आणि चाकांवरचं एक यंत्र होतं. नर्सबाईंनी आईच्या पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून आधी नुसती खरखर आली. त्यांनी पट्टा थोडा खाली सरकवला. खरखर. अजून थोडा डावीकडे. बाबांनी टोपी काढून हातात चुरगळली. आत्याने भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला, जो डोळ्यांचा होता आणि ज्यावर नुसती सुटी अक्षरं होती.

आणि मग आवाज आला. टपटप, टपटप, टपटप, लहान पायांनी कुणीतरी लांबच्या लांब पळत सुटल्यासारखा.

आत्या खुर्चीत बसली. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि रंगाऱ्याला भिंतीत बघण्यासारखं पुष्कळ असतं म्हणून कुणी त्यांना काही विचारलं नाही.

नर्सबाई अर्धा तास कागदाची पट्टी बघत होत्या. तेवढ्या वेळात बाळ दोनदा हललं. "ठोके चांगले आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "हालचाल कमी आहे, पण आज एकच दिवस असं झालं असेल, तर घरी जा आणि उद्या सकाळी पुन्हा या. काही दिवसांपासून कमी होत आलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मग मला डॉक्टरांना बोलवावं लागेल आणि तुला इथेच ठेवून घ्यावं लागेल. दोन दिवस, कदाचित जास्त. नीट आठवून सांग. या आठवड्यातले बाकीचे दिवस?"

"रोज दहा," आई म्हणाली. "अर्ध्या तासाच्या आत. फक्त आजच."

"नक्की?"

"रोज मोजलेत आम्ही."

"मग हरकत नाही." नर्सबाईंनी पट्टा सोडला.

खोलीतली हवाच बदलली. आत्याने खाली वाकून आईच्या चपला जुळवून ठेवल्या आणि म्हणाली, "चला. सूप तसंच उघडं टाकून आलेय मी." बाबा म्हणाले, "मीठ घातलंस ना त्यात शेवटी? मला माहीत होतं." आई हसली. गादीवर आडवी झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. पाय खाटेखाली सोडून ती चपलेत बोटं सरकवू लागली.

मुंगी पडद्याजवळ उभी होती. तिला गुरुवार आठवत होता. गुरुवारी मोजता मोजता शाळेतून फोन आला, आई बरंच बोलत बसली आणि फोन ठेवून तिने विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?" वाटीत पाच होते. खाली मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. मुंगी म्हणाली होती, आठ. आणि शुक्रवारी दहा व्हायला सव्वा तास लागला होता, तेव्हा किती वाजले म्हणून आईने विचारलं आणि मुंगीने पाऊण तास कमी सांगितला होता, कारण नाहीतर आई काळजी करत बसली असती आणि फिरायला जाणं राहिलं असतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं. सगळे घरी निघाले होते, आणि घरी आई असणार होती, तिच्या खाटेवर, मुंगीच्या शेजारच्या खोलीत. सांगितलं तर आई इथे राहणार होती.

बाबांनी दार उघडलं. "चल मुंगे."

मुंगी दाराकडे गेली नाही. ती नर्सबाईंच्या टेबलापाशी गेली. त्या कागदाची पट्टी घडी करून ठेवत होत्या. तिने ती घडी हाताने धरून ठेवली, त्या वर बघेपर्यंत सोडली नाही, आणि म्हणाली, "गुरुवारी सातच झाले होते. शुक्रवारी सव्वा तास लागला. बुधवारपर्यंतचे खरे आहेत. काल आईने एकटीने मोजले, ते मला माहीत नाहीत."