खिडकी क्रमांक तीन

"पत्ता ओळखीचा वाटतोय, कळवावे," असे म्हणत आवक कारकुनाने अर्ज टेबलावर ठेवला आणि गंमत बघायला तिथेच उभा राहिला.

कळवावे हे काही त्यांचे आडनाव नव्हते. केंद्र सरकारच्या ओळखपत्र खात्यात चौतीस वर्षे त्यांनी लिहिलेला प्रत्येक कागद 'कळवावे' या शब्दाने संपत आला होता, म्हणून कार्यालयाने त्यांना तेच नाव पाडले होते. ते हेडक्लार्क होते, आणि दुसरे कोणी तयार होईना म्हणून माहिती अधिकारीही होते. खात्याच्या कारभाराबद्दल कोणी लेखी विचारले, की तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना कायद्याने भाग होते.

त्यांनी चष्मा पुसून पत्ता वाचला. पत्ता त्यांच्याच घराचा होता. अर्जदार त्यांची बायको होती.

'आपल्या कार्यालयातील खिडकी क्रमांक तीन कधीपासून बंद आहे? कोणाच्या आदेशाने? आदेशाची प्रत मिळावी.'

"घरी विचारायचं सोडून वहिनींनी इथं कशाला विचारलं?" आवक कारकून म्हणाला.

"तू शिक्का मार आणि जा."

घरी विचारून झाले होते. मागच्या मंगळवारी बायको त्यांच्या आईला बोटांचे ठसे द्यायला घेऊन आली होती. तीन खिडक्यांपैकी दोनच चालू. म्हातारी अडीच तास उभी राहिली आणि शेवटी फरशीवर बसली. जेवताना बायकोने विषय काढला, "अहो, ती तिसरी खिडकी का बंद असते?" कळवावे म्हणाले, "ऑफिसचं ऑफिसात." तिने पुन्हा विचारले, तसे ते उखडले. "एवढं वाटतंय तर रीतसर अर्ज कर!" तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या बाईला असले काही बोलू नये, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले नाही.

आता आदेश शोधणे आले. चार दिवस ते अभिलेख खोलीत धुळीत शिंकत होते. पाचव्या दिवशी फाईल सापडली. सात वर्षांपूर्वीची टिपणी होती. 'खिडकी क्र. ३ ची काच फुटल्याने नवीन काच बसेपर्यंत खिडकी तात्पुरती बंद ठेवावी व तसे संबंधितांस कळवावे.' खाली सही त्यांचीच. त्याखाली, नऊ दिवसांनंतरची नोंद : 'काच बसविली.' मग पान कोरे. खिडकी उघडावी असे कोणी लिहिलेच नव्हते, आणि लिहिल्याशिवाय त्या खात्यात कोणी खुर्चीसुद्धा सरकवत नसे. खिडकीवरच्या कारकुनाला दुसऱ्या शाखेत काम मिळाले, रिकाम्या जागेत दोन कपाटे आली आणि खिडकीची भिंत झाली.

ते फाईल घेऊन उपसंचालकांकडे गेले.

"फाईल सापडत नाही, असं लिहून टाका," साहेब म्हणाले.

"सापडली आहे, साहेब."

"मग माहिती गोळा करत आहोत, असं लिहा. ते आपल्याकडे कधीच खोटं नसतं."

एकोणतिसाव्या दिवशी कळवावेंनी तसे लिहिले. रजिस्टर पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा बायको अंघोळीला गेली होती. स्वतः पाठवलेले पत्र त्यांनी स्वतःच सही करून घेतले आणि ती बाहेर आल्यावर तिच्या हातात दिले.

"गोळा करण्यात येत आहे?" ती म्हणाली. "कुठून? रानातून?"

"तुला अपील करता येतं," कळवावे जमिनीकडे बघत म्हणाले. हे सांगणे त्यांचे कर्तव्यच होते. "तीस दिवसांत."

"ते खाली छापलंय."

"काय रे, भांडताय का?" आतून आईने विचारले.

"नाही गं आई. पत्रव्यवहार चाललाय."

अपील उपसंचालकांपुढेच होते. बायको ठेवणीतले कपडे घालून आली. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कळवावे. सकाळी दोघांनी एकाच किटलीतला चहा घेतला होता, पण आता एकमेकांना नमस्कार करावा की नाही हे दोघांनाही कळेना.

साहेब गोड हसले. "बाई, हे घरच्या घरी मिटलं नसतं का?"

"मिटलं असतं साहेब. आमच्या सासूबाईंचं काम झालं असतं. रांगेतल्या बाकीच्यांनी कुणाच्या घरी जायचं?"

साहेबांचे हसू मावळले. "असं आहे, की ती फाईल काही सापडत नाही. काय हो?" त्यांनी कळवावेंकडे पाहिले.

निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. सेवापुस्तकात आजवर शाईचा एक वाकडा ठिपका नव्हता. कळवावेंनी बायकोकडे पाहिले. ती मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिने डोळे वटारले असते तर त्यांना राग तरी आला असता.

त्यांनी पिशवीतून फाईल काढली. "सापडली आहे. आदेश माझाच आहे. नंतर उघडायचं लिहायला मीच विसरलो."

साहेबांनी फाईल उघडून पाहिली आणि मिटली.

"आता उघडायची म्हणजे राजधानीची परवानगी लागेल," साहेब सावरून म्हणाले.

"बंद करताना घेतली होती?" बायकोने विचारले.

"तशी नोंद नाही," कळवावे म्हणाले.

"आणि माझं इथं समाधान झालं नाही, तर मला राजधानीत माहिती आयोगाकडे जाता येतं ना, माहिती अधिकारी?"

"येतं. दुसरं अपील. मुदत नव्वद दिवस."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि पेन उघडले. सोमवारपासून खिडकी चालू. माणूस शिल्लक नसल्याने तिथे कळवावेंनीच बसावे, हेडक्लार्कचे टेबल दुसऱ्याला द्यावे. शिवाय सेवापुस्तकात ताकीद. त्या ताकिदीचा मसुदा कळवावेंनाच करावा लागला, कारण शुद्धलेखन दुसऱ्या कोणाला येत नव्हते.

दोघे चालत घरी निघाले. वाटेत बायको म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं टेबल गेलं."

"खिडकी मी बंद केली होती."

"राग आलाय?"

"आलाय. लेखी देऊ?"

ती भर रस्त्यात एवढ्या मोठ्याने हसली की एक सायकलवाला थांबला.

सोमवारी कपाटे हलली. कळवावे खिडकीत बसले, पण अर्धा तास कोणी फिरकेना. त्यांनी बाहेर डोकावून हाक मारली, "या की इकडे! चालू आहे ही!"

"असंच म्हणतात, आणि मग जेवायला उठतात," रांगेतून कोणीतरी म्हणाले.

शेवटी कपडे धुण्याचे काम करणारी एक बाई भीत भीत आली. यंत्राने तिचा ठसा तीनदा नाकारला.

"राहू द्या साहेब," ती हात मागे घेत म्हणाली. "माझी बोटं घासून गेलीत. मागं पण असंच परत पाठवलं होतं."

"द्या इकडे. घाई नाही."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात एक टोक भिजवले आणि तिचे बोट पुसले. मग यंत्राच्या काचेवर ठेवून वरून आपले बोट हलकेच दाबून धरले. दिवा लाल झाला. त्यांनी ते बोट पुन्हा पुसले, जरा तिरके ठेवले. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागे एकेक माणूस येऊन उभा राहत होता, आणि कळवावे खाली मान घालून दिवा हिरवा होण्याची वाट बघत होते.