तीर्थाआधी चूळ

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसाल तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. आज देवादिकांचं आख्यान नाही. धुळ्याला पांझरेपलीकडे देवपुरात शेवंताबाई नावाची एक बाई राहायची. वाती वळायची. तिनं एकदा देवाला दारात थांबवलं, त्याची ही कथा. टाळ नाहीत, मृदंग नाही, तुमचे कान मात्र द्या.

"तोंड पुढे कर, मन्ही माय. हां. हालू नको."

देवघरासमोर पाटावर पाच वर्षांची मोहिनी मांडी घालून बसली होती. शेवंताबाईनं दम्याचा पंप चांगला हलवला, पारदर्शक नळकांड्याच्या शेपटाला बसवला, पुढचा मास्क नातीच्या नाकातोंडावर घट्ट टेकवला आणि पंप दाबला. फुस्स. मोहिनी डोळे मोठे करून सावकाश श्वास घेऊ लागली आणि तिच्या एकेका श्वासाला आजी म्हणू लागली, "राम... राम... राम..."

मास्क निघाला तशी मोहिनी मोरीकडे पळाली. आजीनं परकराचं टोक धरून मागे ओढलं.

"कोठे चालनी?"

"चूळ भरायला. मम्मीनं सांगितलंय, पंप घेतला की चूळ भरून थुंकायचं."

"देवसमोर लिधं ते तीर्थ शे. तीर्थ कोनी थुकस का व? गिळी ले, आनि पाया पड."

आणि तिनं नातीच्या तळहातावर तुळशीचं पान ठेवलं.

आता हे असं का, ते सांगायला हवं. मोहिनीला तान्हेपणापासून दमा. थंडी पडली की छातीत मांजर घुरघुरायला लागायचं, पोरगी बसून रात्र काढायची. बाप हितेंद्र केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, निम्मा महिना दिल्लीच्या वाटेवर. आई कामिनी एसटीत कंडक्टर, पहाटे घर सोडायची ती दिवे लागल्यावर यायची. दवाखान्यातल्या मॅडमनी दोन पंप दिले. एक निळा, दम लागला की द्यायचा. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ, पोरगी उड्या मारत असली तरी द्यायचाच. तो कसा द्यायचा हे कामिनीनं सासूला समोर बसवून शिकवलं होतं. हलवायचा कसा, मास्क धरायचा कसा, आणि शेवटी चूळ.

पहिले काही दिवस शेवंताबाई विसरायची. कधी सकाळचा राहायचा, कधी संध्याकाळचा. मग तिनं युक्ती केली. जन्मात जिचा देवापुढचा दिवा चुकला नाही, तिनं पंप उचलून देवघरातच ठेवला, वातींच्या डब्याशेजारी. त्या दिवसापासून एकही वेळ चुकली नाही. पोरगी त्या हिवाळ्यात गल्लीत पकडापकडी खेळली. कामिनी डेपोत सांगायची, "माझ्या सासूबाई म्हणजे घड्याळ आहेत."

आणि त्याच हिवाळ्यात देवपुरात सप्ताह बसला. शेवंताबाई कीर्तनात पहिल्या रांगेत बसायची, नडगीवर वात वळत ऐकायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं हाडात मुरायचं. बुवा निरूपणात म्हणाले, "आयाबायांनो, आजाऱ्याच्या तोंडी पडणारं औषध हे नुसतं औषध समजू नका. देवाच्या पायावरून आलेलं ते तीर्थ आहे!" शेवंताबाईच्या हातातली वात तशीच राहिली, डोळे भरून आले. आपण पंप देवघरात ठेवला तो उगीच नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून चूळ बंद झाली.

बुवांचं काही चुकलं नव्हतं. तिचीही भक्ती खोटी नव्हती. पण भक्तीसुद्धा कधी कधी भलत्याच गल्लीत शिरते, आणि शिरते तेव्हा तिच्या पायात वाजतं ते पैंजणच असतं. चुकलो हे कळत नाही.

फाल्गुनात मोहिनी जेवेनाशी झाली. शेवभाजीच्या रश्शात भाकरी कुस्करून खाणारी पोर घास तोंडात गेला की रडायची. कामिनीनं खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. जिभेवर, गालाच्या आत, दह्याची कवडी चिकटावी तसे पांढरे ठिपके.

शेजारच्या लताबाई डोकावल्या. बोलावण्याची वाट त्या कधी पाहत नसत.

"अक्का, हाई त्या पंपनंच काम शे. बठ्ठं तोंड आलं पोरनं. आनि सवय लागनी का सुटत नही मंग. मन्हा भाचानं देखी लिधं मी."

"अहो, पण मॅडमनी रोज द्यायला सांगितलंय," कामिनी म्हणाली, पण तिचा आवाज डळमळला होता. दोन दिवस पोरीच्या पोटात दुधाशिवाय काही नव्हतं. "छाती तर आता साफ आहे हिची. आई, तुम्हाला काय वाटतं?"

शेवंताबाईच्या घशाशी आलं होतं. चूळ. तिला शंका आली होती, तोंड पाहिल्याबरोबर आली होती. पण सुनेच्या नजरेत आपण घड्याळ आहोत, आणि लताबाई उंबऱ्यात उभी आहे, हे दोन्ही तिला दिसत होतं.

"तुले वाटी तसं कर," ती म्हणाली, आणि वाती वळायला बसली. त्या दिवशी वाती जाडजूड झाल्या.

रोजचा पंप बंद झाला. कामिनीनं गालाला आतून मध लावला. पोरगी थोडंथोडं खाऊ लागली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

मग चैत्रात वरच्या गल्लीत काल्याचं कीर्तन होतं. भर दुपार, मांडवात माणूस मावत नव्हता, धुपाटण्यातून गुग्गुळाचा धूर लोटत होता. शेवंताबाईच्या मांडीवर मोहिनी. दहीहंडी फुटायच्या आधीची गंमत रंगात आली होती, लोक हसत होते, आणि शेवंताबाईच्या तळहाताला नातीची पाठ वेगळी लागली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. गळ्याखाली खड्डा पडत होता.

"आजी," मोहिनी म्हणाली. पुढचा शब्द निघाला नाही.

उभ्या आयुष्यात शेवंताबाई कीर्तनातून मधेच उठली नव्हती. मधे उठणाऱ्या बायकांकडे ती मान वळवून बघायची. त्या दुपारी ती पोरीला खांद्यावर टाकून रांगा तुडवत बाहेर पडली. "अक्का, काला तं लेवा!" कोणी तरी ओरडलं. तोवर ती रिक्षात बसली होती. पिशवीत निळा पंप होता. घराबाहेर पडताना तो आणि नळकांडं बरोबर हवंच, ही कामिनीची ताकीद होती. हलत्या रिक्षात तिनं नळकांडं लावलं, मास्क धरला, दाबला. पण या वेळी तोंडातून 'राम' निघेना. ती नुसतीच म्हणत होती, "ले माय, श्वास ले. ले माय."

दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला. दुपार कलली तेव्हा पोरीच्या बरगड्या शांत झाल्या होत्या. कामिनी जळगावहून गाडी घेऊन आली ती निरोप मिळताच डेपोत तिकिटाचं मशीन टाकून खाकी कपड्यांतच धावत आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

मॅडमनी तपासून स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "निळा पंप वेळेवर दिलात आजी, चांगलं केलंत. पण रोजचा चालू असताना इतका दम लागायला नको होता. चालू आहे ना?"

"मीच बंद केला मॅडम," कामिनी म्हणाली. "तोंडात सगळं पांढरं झालं होतं. खातच नव्हती."

"मला दाखवायचं होतं ना. तोंडाला औषध मिळतं. आपल्या मनानं पंप थांबवायचा नाही." मॅडमनी केसपेपर पुढे ओढला. "पंपानंतर चूळ भरत होती का?"

"हो तर!" कामिनीनं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका तिला भरवसा. "माझ्याकडून एक वेळ राहील, आईंकडून नाही. चूळ भरल्याशिवाय त्या पोरीला सोडायच्याच नाहीत."

पलंगाशी उभ्या असलेल्या शेवंताबाईनं पदर सारखा केला. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पोरगी झोपली होती.

"नही," ती म्हणाली. "मी तिले चूळ भरूच दिधी नही."

कामिनीनं वळून पाहिलं.

"देवसमोर देऊ ना मी. माले वाटनं, तीर्थ शे. थुकाले नको." तिनं नातीच्या पायांवर चादर ओढली. "तोंड आलं तवय माले कळनं व्हतं. मी बोलनू नही."

मॅडम रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "आजी, औषध जिथं जायचं तिथं श्वासाबरोबर गेलेलं असतं, छातीत. तोंडात मागे राहतं ते नुसतं चिकटलेलं. ते धुतलं नाही की तिथं बुरशी धरते. थुंकल्यानं औषध वाया जात नाही."

"म्हंजे ते उष्टं," शेवंताबाई हळूच म्हणाली.

"हं. उष्टंच म्हणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी घरी आली. कामिनी पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, उद्या मोहिनीला जळगावला माझ्या आईकडे सोडते. ड्यूटी बदलून मिळेपर्यंत तिथंच राहील."

शेवंताबाईनं मान हलवली.

"चुकलं त्याचं काही नाही हो. चुकतं माणूस. मीही चुकलेच." कामिनीचा आवाज फाटला. "पण मी तिथं तुमची साक्ष दिली, आई. छाती ठोकून दिली."

त्या संध्याकाळी पंप कामिनीनं दिला. शेवंताबाई दिवा लावून देवासमोर बसून राहिली. एक कथा तिनं बुवांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल! भक्त आईबापांच्या सेवेत गुंतलेला, दारात साक्षात देव आला, आणि भक्तानं मागे न बघता त्याला सांगितलं, थांब. दर वेळी ती त्या भक्तासाठी रडली होती. आज पहिल्यांदा तिला त्या ताटकळलेल्या देवाचा चेहरा आठवला. तो तर हसतच उभा होता की.

पहाटे कामिनी मोहिनीची पिशवी भरत होती. मोरीकडून भांड्याचा आवाज आला म्हणून तिनं पाहिलं. शेवंताबाईनं पंप आणि नळकांडं देवघरातून काढून मोरीवरच्या फळीवर ठेवलं होतं. शेजारी मोहिनीचा छोटा पेला, पाण्यानं भरलेला. सासूबाईंची पूजा झाल्याशिवाय या घरात चहाचं आधण चढलेलं कामिनीनं लग्नापासून पाहिलं नव्हतं. आज देव्हाऱ्यात अंधार होता.

"तू आठे उभी ऱ्हाय," शेवंताबाई म्हणाली. "मी देस. तू फक्त देख."

मोहिनी डोळे चोळत आली. पंप हलला, मास्क टेकला. फुस्स. राम, राम, राम.

"आजी, देवाची पूजा नाही झाली अजून."

"थांबी तो. आते चूळ भर. खळखळ कर. हां, थुकी दे. आनखी एक डाव."

मोहिनीनं गाल फुगवून चूळ भरली आणि मोरीत पिचकारी मारली. आजीनं ओल्या हातानं तिचं तोंड पुसलं, मास्क जिथं टेकला होता तिथंही. मग पदराला हात पुसून ती देवघराकडे गेली. काडी ओढल्याचा आवाज आला.

कामिनीच्या खांद्यावर पोरीची पिशवी होती. डेपोची वेळ झाली होती. तिनं पिशवी खाटेवर ठेवली.

"आई, संध्याकाळी मला उशीर होईल. पंप..."

"दिवा लावाना पहिले," देवघरातून आवाज आला.

"हो. दिव्याआधी," कामिनी म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

शेवंताबाई आता नाही. गेल्या माघात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मोहिनी तिसरीत आहे. मॅडमनी पंपाचं औषध कमी केलंय, बंद नाही. सकाळी कामिनी बाजूला उभी राहून बघते आणि मोहिनी स्वतः पंप घेते, मोरीत चूळ भरते. देवघरात डबा आहे, त्यात आजीनं वळलेल्या वाती अजून उरल्यात. त्यातली एक रोज मोहिनीच लावते. एरवी पोरगी शाळेतलं मराठी बोलते. पण चूळ भरण्याआधी मान वर करून, देव्हाऱ्याकडे बघत ती आजीच्याच बोलीत ओरडते, "थांब रे देवा, उनू मी!" म्हणजे आलेच मी.

तर बाबांनो, आता उठा, घरी जा. उद्या तुमच्या घरात वात लावायला हात पुढे होईल, आणि आतून एखादं लेकरू हाक मारेल. त्याच्याकडे आधी जा. आणि जाता जाता शेवंताबाईला आठवा.