पाळण्यावरचा कॅमेरा

पाळण्यावर कॅमेरा लावला तेव्हा घरात माझी यथेच्छ थट्टा झाली. नवरा म्हणाला, "पळून जाणार आहे का तो?" नणंद म्हणाली, "वहिनी, कैद्याला निदान अंगणात तरी फिरवतात गं."

मी ऐकून घेतलं. बाळंतपणाची रजा संपत आली होती. माझं काम औषधांच्या खोक्यांवर छापायचा मजकूर तपासायचं. दशांशाचं टिंब जरा सरकलं की डोस दसपट होतो, हे ज्या बाईच्या दिवसभर डोळ्यांसमोर असतं तिने पाळण्याकडे निवांत कसं बघायचं?

कॅमेरा बाहेरच्या खोलीत, भिंतीवर. फोनवर अंगठा सरकवला की तो किर्र करत मान वळवतो. पाळण्यात हालचाल झाली की आपोआप चित्रण होतं आणि ते माझ्या फोनवर येतं. शिवाय दुसऱ्या गावी असलेल्या सासूबाईंच्या फोनवरही जातं. ही सोय मीच करून दिली होती. सूनबाईकडून सासूबाईंना भेट!

मी कामावर गेले की बाळाजवळ नणंद असायची. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी बसून तासन्‌तास कामाचा एकेक कण वेचत राहते. दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम दुरुस्त करायची, घरबसल्या. कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी.

त्या दिवशी तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी फोन उघडला तर कॅमेऱ्यात नुसती भिंत. मग वाटलं, धक्का लागला असेल. अंगठ्याने त्याची मान पुन्हा पाळण्याकडे वळवली. बाळ गाढ झोपलं होतं. हुश्श करून फोन कपाटात ठेवला, कारण आत फोन चालत नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर सगळ्याजणी एकाच फोनवर वाकलेल्या.

"पाणीखात्याची वेबसाइट कुणीतरी फोडली!"

"फोडली म्हणजे?"

"अगं, हॅक केली. तो हिरवा शिक्का नव्हता का, 'आपले पाणी सुरक्षित आहे' म्हणून? तो गायब. त्याजागी हे बघ."

हिरव्या शिक्क्याच्या जागी भागवार आकडे होते. खाली दोन ओळी. 'हे आकडे खात्याच्याच प्रयोगशाळेचे आहेत. आम्ही फक्त झाकण काढलं.'

"आमच्याकडे ठीक दिसतंय बाई," एकजण म्हणाली. "तुझा भाग कुठला गं?"

मी आमचा भाग शोधला. शिसं, मर्यादेच्या चौपट. पुढे बारीक अक्षरात, म्हणजे नेमकं माझ्या डोळ्यांना सवय असलेल्या मापात, लिहिलं होतं: उकळल्याने शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

बाळाच्या दुधाचं पाणी मी खळखळून उकळायची. एकदा नाही, दोनदा. नवरा म्हणायचा, "पाण्याचा काढा करतेस." आणि मी त्याला कौतुकच समजत होते.

डबा उघडायची इच्छाच उरली नाही. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, पालथा पडला! पहिल्यांदा! तू बघितलंस की नाही? मी सगळ्यांना पाठवलं. स्टेटसलाही ठेवलंय."

मी चित्रण उघडलं. बाळ कुशीवर वळलं, हात अडकला, जोर लावला आणि पडलं की पालथं! डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून पुन्हा बघितलं. या वेळी पाळण्याच्या पलीकडेही नजर गेली. गादीवर मुंगी पाठमोरी बसली होती आणि तिच्या मांडीवरचा लॅपटॉप खांद्यावरून स्वच्छ दिसत होता. अर्धा पुसलेला हिरवा शिक्का. त्याखाली टाइप होत असलेली ओळ, 'आम्ही फक्त झा' इथपर्यंत आलेली.

वेबसाइट बदलण्याच्या आधीचं चित्रण होतं ते.

जिन्यात जाऊन मुंगीला फोन लावला.

"तू केलंस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कॅमेऱ्याने."

"शक्यच नाही. मी त्याचं तोंड भिंतीकडे..." ती थांबली. "वहिनी! तू वळवलास?"

"मला काय माहीत! मला वाटलं धक्का लागला!"

"अगं, मी सगळ्या जगापासून लपले आणि तुझ्या अंगठ्याने..." ती हसायला लागली. ते हसणं काही बरं नव्हतं. "कोणाकोणाकडे गेलंय?"

"आईंनी सगळ्यांना पाठवलंय."

"सगळ्यांना म्हणजे आतोबांनाही?"

आतोबा म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचे यजमान. पाणीखात्यात मोठे अधिकारी. बारशाला आले तेव्हाही स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आले होते. मी मनात म्हटलं होतं, काय हा तोरा!

सासूबाईंना फोन केला. "आई, तो व्हिडिओ काढून टाका. बाळ उघडं आहे त्यात."

"इश्श, एवढ्याशा पोराला कसली आलीय लाज?"

"आई, ऐका ना."

"तुझं आपलं काहीतरीच."

काय सांगू? खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तेही सगळ्यांना गेलं असतं. "आई, दृष्ट लागेल हो त्याला," मी म्हणाले. कॉलेजात याच अंधश्रद्धेविरुद्ध तावातावाने भाषण केलं होतं मी.

"अगोबाई!" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या क्षणी व्हिडिओ सगळीकडून गेला.

पण आतोबांनी तो आधीच उतरवून घेतला होता. हे कळलं ते संध्याकाळी, ते दारात उभे राहिले तेव्हा. मी नुकतीच घरी पोचले होते. नवरा फिरतीवर. मुंगी पाळण्यापाशी उभी, रंग उडालेली.

आतोबांनी चपला काढल्या, बाटली टेबलावर ठेवली, बाळाचा गाल कुरवाळला. मग बसले.

"मोठा करून बघितला मी," ते म्हणाले. "मुंगे, अक्कल गहाण टाकली होतीस? उद्या ते सायबरवाले येतील. त्याआधी तू माझ्याबरोबर चल आणि स्वतःहून कबूल कर. नाहीतर घरातलीच मुलगी निघाली म्हणून माझी मान आधी अडकेल."

"आकडे खोटे आहेत का, आतोबा?" मुंगीने विचारलं.

"आकड्यांचा प्रश्न नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

मला काही सुचेना, म्हणून बायका करतात ते केलं. पाणी आणलं. ग्लास त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी ग्लासाकडे बघितलं. हात पुढे आला, आणि पुन्हा मांडीवर गेला.

"घ्या ना," मी म्हणाले. "उकळलेलं आहे."

"नको."

"दोनदा उकळलंय. बाळाला हेच देते मी."

त्यांनी ग्लास बोटाने दूर सारला. "उकळून जात नाही ते, सूनबाई."

माझा फोन पदराआड होता. अंगठा सरकला तेव्हा मी काही ठरवलं होतं असं नाही. सवयीने होतं ते. भिंतीवर किर्र झालं, कॅमेऱ्याने पाळणा न सोडता मान जराशी आतोबांकडे वळवली. बाळाने पाय झाडले.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुम्हाला?"

"वर्ष झालं असेल. अगं, माझ्या एकट्याच्या हातात असतं का? वर पाठवलं होतं मी. वरून आलं, की..." ते थांबले. मान वर करून त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याचा लाल ठिपका सरळ त्यांच्या कपाळावर रोखलेला. "हे चालू आहे?"

"बाळ हललं की चालू होतं."

"आणि जातं कुणाकडे?"

"आधी आईंकडे," मी म्हणाले. "मग कुणाकुणाला पाठवायचं ते आई ठरवतात."

आतोबांनी खिशातून फोन काढला. चष्मा चढवला. बोटं दोनदा चुकली. शेवटी फोन माझ्यासमोर धरून त्यांनी मुंगीचा तो व्हिडिओ पुसला.

"आता तुझ्याकडचा, हा माझा," ते म्हणाले.

"माझ्याकडचा राहू दे."

चपलांत पाय घालताना त्यांना पट्टा सापडेना. मीच खाली वाकून सरकवला. मोठ्या माणसाला असं पेचात पकडणारी मी घरातली पहिलीच असेन. उद्या सायबरवाले येणारच होते. त्यांना दुसऱ्या कुठल्या वाटेने मुंगीचा माग लागणार नाही असं कोण सांगणार?

दार लागल्यावर मुंगी माझ्याकडे वळली. "वहिनी, तू धमकी दिलीस त्यांना."

"गप्प बस. आईंना फोन कर. म्हणावं, आत्ता आलंय ते कुणाला दाखवू नका, नाहीतर दृष्ट लागेल."

बाळ भुकेने रडायला लागलं. मी सवयीने गॅसकडे वळले आणि पातेल्याला हात लावायच्या आधीच थांबले. घरात पाणी होतं, भरपूर होतं, आणि पोराला द्यायला थेंब नव्हता.

टेबलावर आतोबांची बाटली तशीच राहिली होती. अर्ध्याहून जास्त भरलेली.

मी ती उघडली, वास घेतला, आणि दुधाची पावडर मोजली. मुंगी बाळाला घेऊन माझ्याजवळ आली. जिन्यात पावलं वाजली. आम्ही दोघी थिजलो. पावलं वरच्या मजल्यावर गेली. बाळ दूध प्यायला लागलं, आणि आतोबांच्या बाटलीत अजून एका वेळेपुरतं उरलंय का, ते मी उजेडाकडे धरून बघत राहिले.