गुलाबच्या हातचा घण

मी घण आहे. मारणं हेच माझं जगणं. भिलाईजवळ जामुलच्या रस्त्याला, सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या पडलेल्या टिनाच्या शेडात भिंतीला टेकून उभा आहे. बसा घडीभर. मला काही घाई नाही.

रेल्वेच्या मोडक्या ॲक्सलचा मी तुकडा. दौलतराव मिस्त्रीनं मला भट्टीत लाल केलं, बडवलं, पुन्हा लाल केलं, पुन्हा बडवलं. मग बाभळीचा दांडा ठोकून बसवला. मार खाऊनच मी घडलो, म्हणून मारताना मला कधी वाईट वाटलं नाही. पहिला घणकरी दारू पिऊन आला अन् मी मिस्त्रीच्याच अंगठ्यावर पडलो. नख, हाड सगळं एक झालं. मिस्त्रीनं त्याला लाथेनं बाहेर काढलं.

मग गुलाब आला. ठकूबाईचा मुलगा, चांगला तिशीतला, जन्माचा बहिरा. बोलताही येत नाही. लोहारकामाची रीत अशी, की मिस्त्री लाल लोखंडावर हातोडीची टिचकी मारतो, त्याच जागी घण पडला पाहिजे. हातोडी ऐरणीवर आडवी पडली की थांबायचं. बाकीचे कानानं मारायचे, गुलाब डोळ्यांनी. ठिणग्यांनी त्याचे हात कोपरापर्यंत भाजले होते.

तरी घरी तो बसून खाणाराच. आमच्या भिलाईकडे काम म्हणजे ड्यूटी, अन् ड्यूटी म्हणजे गळ्यात कारखान्याचा गेट पास. तो नसला की माणूस रिकामा. सख्ख्या मायलाही तसंच वाटायचं. हे गुलाबला फार लागायचं. आपणही कामाचा माणूस आहो, हे कोणीतरी एकदा चारचौघांत म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

एक दिवस दुपारी हर्षा नावाची मुलगी त्याच्या मागंमागं शेडात आली. दिव्यांग लोकांपैकी कोण कामाला आहे, याची मोजणी करत ती घरोघर फिरत होती. ठकूबाईनं तिला सांगून टाकलं होतं, त्याले कोन काम देईन, बसला रायते घरी. पण जेवत बसलेल्या गुलाबचे हात पाहून हर्षाला ते पटलं नाही.

तिनं मिस्त्रीला विचारलं, हा इथं कामाला आहे का. मिस्त्री घाबरला. हो म्हटलं तर उद्या कोणी साहेब येईल, हजेरी मागेल, विमा मागेल.

"नाई बाई, काहीच नाई करत. टाइमपास करून रायला," तो म्हणाला अन् कुत्रं हाकलावं तसा हात झटकला.

गुलाबला शब्द कळले नाहीत. हात कळला.

त्याच्या मुठीत माझा दांडा करकरला. ऐरणीवर लाल सब्बल, म्हणजे पहार, होती, मिस्त्रीची टिचकी पडली नव्हती. मी पडलो. पुन्हा पडलो. मिस्त्रीनं हातोडी आडवी टाकली, तरी पडलो. सब्बलीचं टोक चपटं झालं, तापलेली कपची उडून मिस्त्रीच्या गालात रुतली. हर्षा भिंतीला चिकटली. खरं सांगतो, पुढचा घाव मिस्त्रीच्या डोक्यावर गेला असता तर मला अडवता आला नसता.

त्याआधीच मिस्त्रीनं सांडशी उचलून गुलाबच्या कानशिलावर हाणली. रक्त तापल्या सब्बलीवर पडलं अन् सुर्रकन जळलं.

"हरामखोर, कामावर मस्ती करते? इतकं शिकवलं तुले, कामाच्या टायमाले असा घण चालवते का कोनी?"



"काका," हर्षा हळूच म्हणाली, "मग कामाला आहे ना तो."

मिस्त्रीनं गालातली कपची उपटून फेकली. हर्षानं मोबाइलवर 'कामाला आहे' या उत्तरावर बोट दाबलं. गुलाबला वाचता येत नाही, म्हणून तिनं दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या अन् खाली आणल्या, घण मारल्यासारख्या. मग त्याच्याकडे बोट केलं. रक्तानं भरल्या तोंडानं तो हसला.

सांजेला भट्टी विझल्यावर मिस्त्रीनं त्याला शेडाबाहेर ढकललं. गुलाब माझा दांडा सोडेना. मिस्त्रीनं त्याचं एकेक बोट उचकटलं. शेवटच्या बोटाला कट् असा आवाज आला. तो मीच ऐकला.

दुसरा घणकरी अजून मिळाला नाही. माझ्यावर गंज चढून राहिला.

हर्षा पोरी, तू नेलेलं उत्तर खरं होतं, पण सांजेपर्यंतच. पुन्हा मोजायला येशील तर दिवस मावळेपर्यंत थांब.