वडिलांच्या जागी लिहिलेलं नाव

त्या मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टरने तीनदा हाक मारली. "उत्तम गावंडे! अहो, उत्तम गावंडे कोण आहे?" बाबा माझ्या शेजारी बाकावर बसून भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या हाकेला मीच त्यांना कोपराला धरून उठवलं.

"मले वाटलं, दुसऱ्या कोनाले बलावून राह्यली," ते म्हणाले.

केसपेपर मी भरला होता. माझ्या वडिलांचं नाव उकंडा. आमच्याकडे उकंडा म्हणजे उकिरडा. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ते जन्मले तेव्हा त्यांना फडक्यात गुंडाळून शेणाच्या ढिगावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारीण आली, टाकलेलं पोर सापडलं म्हणाली, आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात तिने ते त्यांच्याच आईला देऊन टाकलं. नावही तसंच ठेवलं. मरणाला वाटावं, हे कुणाला नकोच आहे, मग आपण कशाला न्यायचं. त्या मंगळवारी बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

मुलीच्या नावात बापाचं नाव असतं. पुसदच्या शाळेत हजेरीला 'सुरभी उकंडा गावंडे' म्हटलं की मागच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावत. अकरावीला यवतमाळला आले आणि वडिलांचं नाव उत्तम आहे असं सांगून टाकलं. कागदांवर खरं नाव राहिलं. तोंडी मात्र मी तीस वर्षं सुरभी उत्तम गावंडे होते. लग्न केलं नाही, त्यामुळे ते नाव बदलायची वेळही आली नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. दवाखान्यातले डॉक्टर आमच्या एका प्राध्यापकांचे भाऊ. हात आपोआप उत्तम लिहून गेला.

परतीच्या एसटीत बाबांना खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. दवाखान्यात डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे सगळं धूसर झालं होतं.

"हा उत्तम कोन होये वं, माय?"

"त्यांची काहीतरी चूक झाली, बाबा."

"नाव चांगलं हाये पन. फेटा बांधलेल्या पाव्हन्यावानी."

विषय बदलावा म्हणून मी त्यांना वाचलेलं सांगू लागले. मंगोलियात मुलाचं नाव ठेवतात 'एनेबिश', म्हणजे 'हा तो नव्हे'. कोरियात घरच्या घरी पोराला कुत्र्याची घाण म्हणत. नायजेरियात एक नाव आहे, 'कोसोको'. त्याचा अर्थ, कुदळ नाही. मुलं जगत नसलेल्या घरात ते ठेवतात. कुदळच नाही, तर खड्डा कशाने खणणार?

बाबा इतके हसले की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. "मंजे साऱ्या दुनियेत उकंडे हायेत तं! अन् मी समजो, आमच्याच मायले अक्कल होती."

मग त्यांनी डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "थो न्यायले येनारा नाव घेऊनच येते. दोनदा हाक मारते, बस. तिसऱ्यांदा हाक आली तं समजाव मानूस हाये. मनून दोन हाकांले ओ देऊ नाई."

"तुम्ही थांबता का तिसऱ्या हाकेपर्यंत?"

"मले कायची भीती? मायं नाव त्याच्या वहीतच नाई."

तेव्हा सांगता आलं असतं की ती चूक दवाखान्याची नव्हती. मी तिकिटाची घडी करत राहिले.

रात्री गावातच बाबांकडे राहिले आणि बुधवारी पहिल्या गाडीने कामावर गेले. साडेअकराला शेजारच्या हंसाबाईंचा फोन आला. बाबा अंगणात, फाटकाच्या अलीकडे पडले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. कुणाबरोबर तरी निघाल्यासारखा त्यांच्या खांद्यावर धुतलेला दुपट्टा होता.

तिसऱ्या दिवशी हंसाबाई माझ्यासाठी भाकर घेऊन आल्या. ताट ठेवलं, पण गेल्या नाहीत.

"सुरभे, थो पाव्हना कोन होता वं?"

"कोणता?"

"बुधवारचा. फाटकातून 'उत्तमराव' मने. मी भिंतीच्या इकडून सांगतलं, बाप्पा, इथं कोनी उत्तमराव नाई. तं तुया बाबाच मने, 'आलो आलो'. पहिल्याच हाकेले."

"तुम्ही पाह्यलं त्याला?"

"उठून पाह्यलं नं. फाटकात कोनीच नाई. तुया बाबा तेवढा पडून."

मी दवाखान्यात फोन केला. त्यांनी कुणालाही पाठवलं नव्हतं. गावात ते नाव कुणाला माहीत नव्हतं. ते नाव मी तयार केलं होतं आणि मंगळवारी, तिसऱ्या हाकेला, कोपर धरून त्यांच्या अंगात घातलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी ओसरीवर मृत्यूच्या नोंदणीचा फॉर्म भरत होते. मृताचं नाव लिहिलं. उकंडा. खाली माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव विचारलं होतं. सुरभी लिहिलं आणि पेन थांबला.

"सुरभी उत्तम गावंडे."

फाटकाकडून. आवाज बाईचा की पुरुषाचा, ते कळलं नाही. राग नव्हता, घाईही नव्हती. शाळेत हजेरी घेतात, तसा. ऊन अंगणभर होतं. भिंतीपलीकडे हंसाबाई तूर पाखडत होत्या. त्यांच्या सुपाचा आवाज एकदाही अडखळला नाही.

"सुरभी उत्तम गावंडे."

फाटकाच्या फळ्यांखाली बोटभर फट आहे. कुणी उभं असलं की तिथे सावली दिसते. तिथे ऊनच होतं.

मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. कुणी परत गेल्याचा आवाजही आला नाही. गप्प बसणं सोपं होतं; बाबांनी तेच सांगितलं होतं. पण त्या नावामागे मी तीस वर्षं गप्पच बसले होते, आणि त्या गप्प बसण्यातूनच ते इथवर आलं होतं.

मी उठले. उंबऱ्यावर आले आणि चौकट धरली. सुपाचा आवाज थांबला.

"त्या नावाचं इथं कोणी नाही," मी हंसाबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "कधी नव्हतंच. माझ्या बापाचं नाव उकंडा. मी सुरभी उकंडा गावंडे."